पाणी, मीठ आणि लिथियमची गोळी

वैशाखातली दुपार होती. बराकपूरला त्या दिवसांत गंगेवरून येणारा वारासुद्धा ओल्या फडक्यासारखा अंगाला चिकटतो. फोन वाजला. मावसभावाच्या बायकोचा होता.

"भाऊजी, जरा लगेच येता का? यांचा हात फार थरथरतोय. चहाचा कप धरवत नाही. बोलणंही जड झालंय."

मी पोचलो तेव्हा तो पलंगाच्या कडेला बसला होता. मला बघून उठायला गेला आणि त्याचा तोल गेला. सकाळपासून दोनदा उलटी, तीनदा जुलाब झाले होते. घरच्यांना वाटलं, ऊन बाधलं. मी विचारत गेलो तसं एकेक कळत गेलं. बारा वर्षांपासून तो लिथियमची गोळी घेतो, हे मला ठाऊक होतं. महिन्यापूर्वी रक्तदाब वाढला म्हणून घरात मीठ तोडलं होतं. गुडघा दुखतो म्हणून पाच दिवस स्टेशनजवळच्या दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी चालू होती. आणि रोज दुपारी उन्हातून ये-जा, घामाच्या धारा. यातली एकही गोष्ट कुणाला जोखमीची वाटली नव्हती. चारही एकत्र आल्या आणि त्याच्या रक्तातलं लिथियम धोक्याच्या रेषेपलीकडे गेलं. रुग्णालयात सलाइन लावलं, चार दिवस ठेवून घेतलं, आणि तो सुखरूप घरी आला.

घरी आल्यावर मावशी म्हणाली, "अरे, ते मोबाइलच्या बॅटरीत घालतात तेच ना? ते पोटात कशाला घालायचं? बंद कर आजपासून." भावानं मान हलवली. त्याच्या मनात तेच होतं.

मी आयुष्यभर बी. टी. रोडवरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत ग्रीस तपासण्याचं काम केलं. लिथियम माझ्या रोजच्या हाताखालचं. तरी त्या दिवशी मावशीला नीट उत्तर द्यायला मला दोन तास लागले. बराकपूर, टिटागड, खडदह, इच्छापूर या पट्ट्यात छावणीत, हवाई दलाच्या तळावर, बंदुकीच्या कारखान्यात नोकरीनिमित्त आलेली आपली बरीच मराठी घरं आहेत. त्यांतल्या एखाद्या घरात ही गोळी असेल, तुमच्या सातारा-नागपूरच्या घरातही असेल. म्हणून मावशीला सांगितलं ते सगळ्यांनाच सांगतो.

आधी बॅटरीची भीती काढून टाकू. खायचं मीठ सोडियमचं. पापडात पडतो तो खार सोडियमचा, धुण्याचा सोडा सोडियमचा, आणि कातडी भाजून काढणारा कॉस्टिक सोडाही सोडियमचाच. म्हणून कुणी वरणात मीठ घालायचं सोडत नाही. धातू एकच, पण तो कुणाशी जोडला गेला आहे त्यावर त्याचा गुण ठरतो. लिथियम हा सोडियमचा धाकटा भाऊ. 1817 साली स्वीडनच्या योहान ऑगस्ट आर्फवेडसननं तो एका खनिजात ओळखला. दगडात सापडला म्हणून ग्रीक भाषेतल्या दगडाच्या शब्दावरून त्याचं नाव पडलं. हा धातू सुटा कधी सापडत नाही. तो नेहमी क्षाराच्या रूपात असतो, आणि त्याच्या प्रत्येक क्षाराचं काम वेगळं.

माझ्या कामातलं, वंगणाचं उदाहरण देतो. 29 मार्च 1857 ला याच बराकपूरच्या छावणीत मंगल पांडेनं बंदूक उचलली. नव्या काडतुसांना गाईडुकराची चरबी लावलेली आहे, ही बातमी तेव्हा पलटणीत पसरली होती. तेव्हा वंगण म्हणजे चरबी; आज ट्रकच्या चाकात, रेल्वेच्या डब्याखाली, गिरणीच्या बेअरिंगमध्ये जे ग्रीस भरतात ते बहुतेक लिथियमचं असतं. एरंडेलावर प्रक्रिया करून मेणासारखं एक आम्ल काढतात. त्यात लिथियम हायड्रॉक्साइड घालून साबण शिजवतात. तो साबण तेलाला स्पंजासारखा धरून ठेवतो. हे ग्रीस उष्णतेनं पटकन पातळ होत नाही आणि पाण्यानं धुऊन जात नाही. म्हणून जगात सगळ्यांत जास्त तेच खपतं.

दुसरा क्षार लिथियम ब्रोमाइड. पाण्याची वाफ तो तहानल्यासारखा ओढून घेतो. पुण्याच्या थरमॅक्स कंपनीची शीतयंत्रं याच गुणावर चालतात. निर्वात टाकीत पाणी चार-पाच अंशांवरच उकळतं आणि उकळताना आजूबाजूची उष्णता घेऊन जातं. ती वाफ लिथियम ब्रोमाइडचं द्रावण शोषून घेतं. मग कारखान्यातली वाया जाणारी वाफ वापरून द्रावणातलं पाणी पुन्हा वेगळं काढतात. विजेऐवजी उष्णतेच्या बळावर थंडावा मिळतो. काचेच्या आणि चिनीमातीच्या भट्टीत लिथियम कार्बोनेट घातलं की माल कमी तापमानाला वितळतो. लिथियम हायड्रॉक्साइड श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषतं, म्हणून ते अंतराळयानात लागतं. 1970 साली अपोलो 13 मधले तिघं जिवंत परतले, त्यात लिथियम हायड्रॉक्साइडच्या डब्यांचा मोठा वाटा होता. आणि बॅटरीत जाणारे क्षार आणखी वेगळे.

कारखाना आणि औषध यांचं नातं या भागाला नवं नाही. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या बेंगॉल केमिकलनं आपल्याच बराकपूर उपविभागात, पानिहाटीला, 1920 साली कारखाना काढला. रसायन आणि औषध एकाच विद्येची दोन अंगं आहेत, हे त्या माणसानं देशाला करून दाखवलं. लिथियमचंही तसंच. भट्टीत जातं ते लिथियम कार्बोनेटच, आणि गोळीत असतं तेही लिथियम कार्बोनेटच. फरक शुद्धतेचा आणि मापाचा. औषधातलं लिथियम औषधी प्रतीचं असतं, तपासून घेतलेलं असतं आणि मिलिग्रॅममध्ये मोजलेलं असतं. या सगळ्या गोष्टीचा गाभा माप हाच आहे.

1949 हे वर्ष ध्यानात ठेवण्यासारखं. त्या वर्षी अमेरिकेत हृदयाच्या रोग्यांना, ज्यांचं मीठ तोडलेलं होतं त्यांना, मिठाच्या बदली लिथियम क्लोराइड वरून शिंपडून खायला मिळत होतं. माप नाही, तपासणी नाही. काही माणसं दगावली आणि सरकारला ते बाजारातून काढावं लागलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांचा लेख प्रसिद्ध झाला. उन्मादाच्या रोग्यांना लिथियमचे क्षार दिले तर ते शांत होतात, भानावर येतात, असं त्यांनी त्यात लिहिलं होतं. रोग्यांना देण्याआधी त्यांनी ते स्वतः घेऊन पाहिलं होतं.

त्यांच्या पहिल्या रोग्याची गोष्ट मी मावशीला पुरी सांगितली. एक्कावन्न वर्षांचा माणूस, पाच वर्षं सतत उन्मादात. 1948 साली लिथियम सुरू झालं आणि काही महिन्यांत तो घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. बरं वाटल्यावर त्यानं औषध सोडलं. 1949 च्या सुरुवातीला तो पुन्हा रुग्णालयात आला. औषध पुन्हा सुरू झालं, पण रक्तातलं लिथियम मोजण्याची सोय तिथं नव्हती. 1950 साली तो लिथियमच्या विषबाधेनंच गेला. औषध आपल्या मनानं सोडल्यावर काय होतं आणि मोजल्याशिवाय घेतल्यावर काय होतं, ही दोन्ही संकटं त्या एका माणसाच्या वाट्याला आली. पुढे ऑस्ट्रेलियातच, मेलबर्नमध्ये, ट्रॉटनर या संशोधकांनी रक्तातलं प्रमाण मोजून औषध देण्याची वाट दाखवली. डेन्मार्कच्या मोगेन्स शाउ यांनी 1954 साली पद्धतशीर चाचणी प्रसिद्ध केली. 1970 साली अमेरिकेनं परवानगी दिली.

आपल्याकडेही या गोळीला इतिहास आहे. सन फार्मा ही आजची मुंबईची बडी कंपनी 1983 साली मनोविकारांवरची पाच औषधं घेऊन उभी राहिली. लिथियमची गोळी तिच्या सुरुवातीच्या औषधांतली. आज लिथियम राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि सामान्य माणसाला परवडतं. मन कधी आभाळाला भिडतं आणि कधी विहिरीच्या तळाला जातं, त्या द्विध्रुवी विकारात ते आजही पहिल्या फळीचं औषध आहे. या विकारात जीव देण्याचा धोका मोठा असतो. लिथियम घेणाऱ्यांमध्ये तो कमी होतो, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ज्या घरानं अशी एखादी रात्र जवळून पाहिली आहे, त्याला याचं मोल सांगायला नको.

मग माझ्या भावाचं काय चुकलं? इथं मूत्रपिंड समजून घ्यावं लागतं. मूत्रपिंड सोडियम आणि लिथियम यांच्यात नीट फरक करत नाही. जेवणातलं मीठ घटलं किंवा घामाबरोबर निघून गेलं, की ते सोडियम धरून ठेवायला लागतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. अंगातलं पाणी कमी झालं तरी तेच होतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात, त्यानंही लिथियम आत साचतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या थायाझाइड गटातल्या, आणि रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांच्या जातीच्या, हेच करतात. रक्तातलं प्रमाण साधारण 0.6 ते 1.0 मिलिइक्विव्हॅलंट दर लिटरला असावं लागतं. 1.5 च्या वर धोका सुरू होतो. गुण येतो ती पातळी आणि विष होतं ती पातळी यांत अंतर इतकं थोडं आहे. क्रोसिनसारखी ही गोळी अंदाजानं घ्यायची नसते.

आता हात जोडून काही गोष्टी सांगतो. ज्यांच्या घरात ही गोळी आहे त्यांनी त्या मनावर घ्याव्यात.

पहिली गोष्ट, गोळी आपल्या मनानं बंद करू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळे वाटतंय. एकदम सोडली तर आजार दुप्पट जोरानं उलटू शकतो. सोडायचीच असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

दुसरी, रक्ताची तपासणी चुकवू नका. मात्रा बदलली की आठवड्याभरानं, आणि एरवी डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, सहसा तीन ते सहा महिन्यांनी. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त द्या, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर घ्या. रक्त काढणाऱ्याला "लिथियमची तपासणी आहे" असं तोंडानं सांगा. हिरव्या झाकणाच्या काही नळ्यांत लिथियम हेपॅरिन असतं. त्या नळीत रक्त गेलं तर आकडा खोटाच वर दिसतो. सहा महिन्यांतून एकदा थायरॉइड, क्रिएटिनिन आणि कॅल्शियमही बघून घ्या. लिथियम वर्षानुवर्षं घेतलं की थायरॉइड मंदावू शकतो, मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. वेळेवर कळलं तर दोन्हींवर उपाय आहे.

तिसरी, पाणी आणि मीठ रोज सारखं ठेवा. एकदम वाढवू नका, एकदम तोडू नका. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं तर त्याच क्षणी "मी लिथियम घेतो" म्हणून सांगा. बंगालच्या उन्हाळ्यात चार पावलं चाललं तरी सदरा भिजतो. बाटली बरोबर असू द्या. उलटी-जुलाब, ताप आला तर जलसंजीवनी सुरू करा आणि गोळीचं काय करायचं ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

चौथी, उपवासाची. हे मी श्रद्धेनं सांगतो, कारण माझ्या घरातही एकादशी आहे. हरतालिकेचा निर्जळी उपवास, नवरात्रातले अळणी दिवस, शेजारच्या गिरणीवाल्या कुटुंबातली छठ, रमजानचे रोजे, या सगळ्यांत पाणी किंवा मीठ तुटतं. लिथियम घेणाऱ्या माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा उपवास धरू नये. आजाऱ्याला सूट देण्याइतका आपला धर्म नक्कीच मोठा आहे.

पाचवी, दुकानातून परस्पर दुखण्याची गोळी आणू नका. अंग दुखलं, ताप आला तर पॅरासिटामॉल सहसा चालतं. नवं कोणतंही औषध घेताना, दात काढायला गेलात तरी, लिथियमचं नाव आधी सांगा. "लिथियम ओरोटेट" नावानं पूरक आहार म्हणून काही विकायला येतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. मूल हवं असेल किंवा दिवस राहिले असतील तर घाबरून गोळी फेकू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. गर्भाच्या हृदयाला असलेला धोका आणि आईचा आजार उलटण्याचा धोका, दोन्ही तोलून त्यांना निर्णय घ्यावा लागतो.

सहावी, खुणा ओळखा. बोटांना हलका कंप, तहान, वरचेवर लघवी हा नेहमीचा त्रास. तो डॉक्टरांच्या कानावर घाला. पण कंप वाढून हात हलायला लागला, पाय अडखळले, जीभ जड झाली, उलटी-जुलाब थांबेनात, गुंगी आली, माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागला, तर पुढची गोळी देऊ नका. ताबडतोब रुग्णालय गाठा. गोळीची पट्टी बरोबर न्या आणि दारातच सांगा, "हे लिथियमवर आहेत."

सातवी खास बदलीवाल्यांसाठी. आपल्या पट्ट्यातली माणसं दर तीन वर्षांनी गाव बदलतात. नवा डॉक्टर मिळेपर्यंत मधले दोन महिने औषध आणि तपासणी दोन्ही सुटतात, आणि आजार नेमका तिथंच गाठतो. निघण्याआधी दोन-तीन महिन्यांची चिठ्ठी, शेवटचे अहवाल आणि मात्रा लिहिलेला कागद घ्या. अडल्या वेळी 14416 हा टेली मानसचा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. 2022 साली तो सुरू झाला, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं आणि बंगालीतही. परक्या गावात मनातलं दुखणं आपल्या भाषेत सांगता येणं, हाही उपचारच आहे.

जे लिथियमचा माल हाताळतात त्यांनाही दोन शब्द. लिथियम हायड्रॉक्साइडची भुकटी डोळ्यांत आणि छातीत जाळ करते. गॉगल, मास्क, हातमोजे यांचा कंटाळा करू नका. टोटोवाले, म्हणजे ई-रिक्षावाले भाऊ आणि मोबाइलवाले आपण सगळे, बॅटरी फुगली असेल तर ती टोचून पाहू नका आणि चार्जिंगलाही लावू नका. जाण्यायेण्याच्या वाटेवर किंवा जिन्याखाली रात्रभर चार्जिंग ठेवू नका. आग लागलीच तर आधी माणसं बाहेर काढा, त्या धुरात थांबू नका, 101 ला फोन करा. जुनी बॅटरी कचऱ्यात किंवा गंगेत टाकू नका. 2022 च्या नियमांनी बॅटरी बनवणाऱ्यांवर ती परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. दुकानदाराला ती परत घ्यायला सांगा.

मावशीनं हे सगळं ऐकलं. मग तिनं मला जे विचारलं ते मी विसरलो नाही. "म्हणजे मीच मीठ तोडलं म्हणून झालं का रे?" मी म्हटलं, "नाही मावशी. तुला कुणी सांगितलंच नव्हतं." बारा वर्षांत त्या घरात गोळीबद्दल कधी मोकळेपणानं बोलणंच झालं नव्हतं. रक्तदाबाची गोळी टेबलावर असायची आणि लिथियमची पट्टी कपाटात साड्यांच्या घडीखाली. पाहुण्यांना कळू नये म्हणून लपवलेली गोळी डॉक्टरांपासून आणि घरच्यांपासूनही लपली. मीठ तोडताना, दुखण्याची गोळी आणताना ती कुणाच्या ध्यानातच आली नाही. म्हणून माझं शेवटचं मागणं हेच आहे. ही पट्टी मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या औषधांशेजारी, उजेडात ठेवा.

डॉक्टरांनी भावाची गोळी कमी मात्रेत पुन्हा सुरू केली. रक्तदाबाचं औषध बदललं. मावशी आता आमटीत रोज मोजून मीठ घालते. परवा गेलो होतो तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय पाहिलं. दुधाचे हिशेब, गॅसचा नंबर, संकष्टी, आणि तेरा तारखेच्या चौकोनात मावशीच्या थरथरत्या अक्षरात लिहिलेलं, "लिथियमचं रक्त, सकाळी नऊ." कोणाही पाहुण्याला वाचता येईल इतकं मोठं.